सांगलीतलं विचार करणारं मशीन

सरकारी नोकरीत पगार साठत नाही, किस्से साठतात. पगार महिनाअखेरीला संपतो. किस्से मात्र नोकरी सुटली तरी पेन्शनसारखे येत राहतात, आणि त्यांना हयातीचा दाखलाही लागत नाही.

परवा मिरजेला एका लग्नात जुनी मंडळी भेटली. पंगतीत कुणीतरी पेपरातली बातमी काढली, की सरकार आता विचार करणाऱ्या मशीनसाठी देशभर मोठमोठी कॉम्प्युटर केंद्रं उभारणार आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उभारू देत. मी एकदा उभारून आणि बंद करून बसले आहे. मला मठ्ठा वाढा."

पण विषय निघालाच आहे तर ऐका.

नव्वदच्या पुढची वर्षं होती. परदेशानं मोठा कॉम्प्युटर द्यायला खळखळ केली म्हणून सरकारनं आपलाच बांधायचं मनावर घेतलं होतं. पुण्यात मोठं काम चाललं होतं. त्याची थोडी ऊब जिल्ह्यांनाही मिळावी म्हणून दिल्लीतून एक योजना निघाली. जिल्ह्यात एक बऱ्यापैकी मशीन द्यायचं, त्यात तज्ज्ञ माणसांचं डोकं भरायचं आणि ते डोकं गोरगरिबांना फुकट वापरू द्यायचं, असा बेत. विषय वाटून दिले होते. द्राक्षं कुणीतरी आधीच पळवली. सांगलीच्या वाट्याला मेंढ्या आल्या.

आमचं केंद्र जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात होतं. जुन्या गोदामाला चुना मारला, आत एसी बसवला, झालं केंद्र. माणसं मोजकीच. केंद्रप्रमुख कांबळे साहेब. शिपाई बंडगर मामा, आटपाडीकडचे, ज्यांचे निम्मे भाऊबंद तेव्हाही मेंढरांमागं फिरत होते. आणि प्रोग्रामर मी. माधवनगरची, वडील गिरणीत, कराडला इंजिनिअरिंग केलेलं, पुण्याला जाते जाते म्हणत सांगलीतच राहिलेली.

मशीन आम्हाला कायमचं मिळालं नव्हतं. लोकांनी वापरलं तर राहील, नाही तर जिथं वापरतील तिथं हलवू, अशी दिल्लीची अट होती. आणि कांबळे साहेबांनी या मशीनपायी मुंबईची बढती सोडली होती. ते जत भागातल्या खेड्यातले. "आमच्या गावातही जनावरांचा डॉक्टर यायचा," ते म्हणायचे. "पण जनावर मेल्यावर. पंचनाम्याला." आपल्या मशीननं एका तरी मेंढीला जिवंतपणी गाठावं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी आम्ही सगळे पगाराला होतो.

*

मशीन ट्रकनं आलं तेव्हा पुण्याहून एक इंजिनिअर बरोबर आला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि मशीनला धूळ लागली की त्याच्याच अंगावर काटा यायचा.

बंडगर मामा नारळ घेऊन पुढं झाले. इंजिनिअर आडवा आला. मशीनजवळ पाण्याचा थेंब चालणार नाही म्हणाला.

"नारळ फोडल्याबिगर बटन दाबायचं?" मामा म्हणाले. "आवं, माज्या मेव्हण्यानं तसंच इंजिन बशिवलं. आजून हिरीतच हाय."

"इंजिन?"

"इंजिन कशाला? मेव्हणा. रोज उतरून दुरुस्त करतोय."

इंजिनिअरनं कांबळे साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "आमच्या घरात नारळ फोडत नाहीत, आम्ही बौद्ध. पण मामांना अडवायचा मला काय अधिकार? दाराबाहेर फोडा, मामा, आणि खोबरं सगळ्यांना द्या."

सगळ्यात जास्त खोबरं इंजिनिअरनं खाल्लं.

*

उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे आले. फीत कापली, आत आले, मशीनसमोर उभे राहिले. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ लुकलुकत होती. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "हे विचार करतं म्हणता ना? मग आत्ता काय विचार करतंय?"

साहेब म्हणाले, "सर, कुणीतरी येऊन काहीतरी विचारेल म्हणून वाट बघतंय."

"म्हणजे अगदी सरकारी आहे," पाहुणे म्हणाले आणि चहाला गेले.

*

मग बोर्डाचं प्रकरण झालं.

दिल्लीच्या पत्रकात जे शब्द होते ते पेंटरनं जसेच्या तसे रंगवले : 'कृत्रिम बुद्धिमत्ता केंद्र'. आता आवार जनावरांच्या दवाखान्याचं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला सरकारी दवाखान्यातली 'कृत्रिम' अशी एकच गोष्ट माहीत, ती म्हणजे कृत्रिम रेतन. सकाळी मी आले तर दाराशी म्हशी बांधलेल्या आणि मालक बिड्या ओढत बसलेले.

मी सगळ्यांना समजावलं. ते काम पलीकडच्या खोलीत होतं, इथं नाही. बाकीचे उठले, एक आजोबा हलेनात.

"मग हितं काय करतासा?"

"इथं मशीनला बुद्धी देतो, आजोबा."

आजोबांनी म्हशीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हिला बी द्या की जराशी. धारंला बसलं की लाथ मारती."

शेवटी साहेबांनी पेंटरला बोलावून 'कृत्रिम' पुसायला लावलं. बोर्डावर नुसतं 'बुद्धिमत्ता केंद्र' राहिलं, आणि लोक यायचेच थांबले.

*

पहिल्या उन्हाळ्यात मशीनचा खरा उपयोग झाला. तो असा.

दवाखान्याचा फ्रीज बंद पडला. लशी खराब होणार म्हणून डॉक्टर धावत आले. अख्ख्या आवारात थंड खोली एकच, आमच्या मशीनची. साहेबांनी ताबडतोब लशींचे खोके आत घ्यायला लावले. त्या उन्हाळ्यात आमच्या मशीनमुळे मेंढ्या वाचल्या यात शंका नाही. फक्त त्यात मशीनच्या डोक्याचा संबंध नव्हता.

ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. एका वरच्या ऑफिसातून जीप आली. जीपमध्ये आंब्याच्या पेट्या. "मोठ्या साहेबांच्या घरचं कार्य आहे, चार दिवस थंडीत ठेवा," असा निरोप.

कांबळे साहेबांनी पेट्या परत पाठवल्या. मी म्हटलं, "सर, लशी चालतात, मग आंब्यांनी काय केलं?"

"आंबे आजारी नाहीत," ते म्हणाले.

बोलायला छान वाक्य. पण त्यानंतर आमच्या एसीच्या दुरुस्तीला कधी मंजुरी आली नाही, हेही सांगायला हवं. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मशीनला टेबलफॅन लावला आणि स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेतला.

*

आता मशीनमध्ये डोकं भरायचं काम. त्यासाठी आम्हाला दोन जुने नामांकित डॉक्टर दिले होते. एक साताऱ्याचे, एक सांगलीचे. दोघांनी जन्मभर मेंढ्याच बघितल्या होत्या. मी वही घेऊन बसायची आणि विचारायची, "डॉक्टर, मेंढीला अमुक रोग झालाय हे तुम्ही कसं ओळखता?"

साताऱ्याचे डॉक्टर म्हणायचे, "बघितलं की कळतं."

"पण काय बघितलं की?"

"मेंढी."

यातून एकेक लक्षण ओढून काढायचं म्हणजे विहिरीत पडलेली बादली गळानं काढण्यातला प्रकार. तरी निघालं. मग दुसरा घोळ झाला. साताऱ्याचे डॉक्टर म्हणायचे आधी तोंड तपासा, सांगलीचे म्हणायचे आधी पोट. साताऱ्याचे म्हणायचे हे औषध, सांगलीचे म्हणायचे त्यानं मेंढी मरेल. साताऱ्याचे म्हणायचे, "आमच्याकडं तर जगतात." मी दोघांना एकत्र बसवलं. चहा झाला, भजी झाली, दोघं एकमेकांच्या नातवंडांची चौकशी करून आपापल्या मतासह घरी गेले.

शेवटी मी थकून तोडगा काढला. प्रोग्रामचा पहिलाच प्रश्न टाकला : 'मेंढी सातारा जिल्ह्यातली की सांगली जिल्ह्यातली?' सातारा म्हटलं की साताऱ्याच्या डॉक्टरांचं ऐकायचं, सांगली म्हटलं की सांगलीच्या. दोन्ही डॉक्टर खूश झाले.

बंडगर मामांच्या एका चुलत्याला समोर बसवून पहिला प्रश्न वाचला. चुलते बुचकळ्यात पडले.

"मॅडम, मेंढरू कुटं एका जिल्ह्यात ऱ्हातंय व्हय? आज सांगलीत हाय, परवा नदी उतरून साताऱ्यात. औषध मधीच बदलू का?"

तो प्रश्न मी काढून टाकला. पुढं काय केलं हे कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नाही.

*

प्रोग्राम तयार झाला, लोक यायला लागले, म्हणजे बंडगर मामा आणायला लागले, तेव्हा मुख्य दुखणं बाहेर आलं.

पद्धत साधी होती. मेंढीवाला खुर्चीत बसायचा. शेजारी कांबळे साहेब. पडद्यावर प्रश्न यायचा, साहेब तो वाचून विचारायचे आणि उत्तर ऐकून बटण दाबायचे. हो किंवा नाही.

"ताप आहे का?"

"व्हय."

"लाळ गळते का?"

"व्हय."

"लंगडते का?"

"व्हय, साहेब."

"चारा नीट खाते का?"

"व्हय."

आलेला प्रत्येक माणूस प्रत्येक प्रश्नाला व्हय म्हणायचा. साहेबांनी उलटं विचारून बघितलं. "ताप नाही ना?" "व्हय, न्हाई." साहेब स्वतः बाहेर जाऊन मेंढीच्या अंगाला हात लावायचे, तर अंग गार.

यात मेंढीवाल्यांचं काही चुकत नव्हतं. सरकारी माणसाशी कसं बोलायचं हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. फॉरेस्टवाला विचारतो, कुरणाबाहेरच चारतोस ना? व्हय. तलाठी विचारतो, पंप बंद आहे ना? व्हय. न्हाई म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, का न्हाई? व्हय म्हटलं की साहेब पुढच्या माणसाकडं जातो. पिढ्यान् पिढ्या हे चाललेलं, आणि आम्ही त्यांच्यासमोर सगळे प्रश्न हो-नाहीचेच असलेलं मशीन आणून ठेवलेलं.

साहेब दिल्लीला दर महिन्याला खरा अहवाल पाठवायचे. सल्ला घेतलेले : शून्य. मी एकदा म्हटलं, "सर, निदान आलेली माणसं तरी लिहा." ते म्हणाले, "आली होती. पण सल्ला कुठं मिळाला त्यांना?"

अशा माणसाखाली नोकरी करणं फार दमवतं.

*

आणि अशात दिल्लीची कमिटी आली. मशीन ठेवायचं की हलवायचं, ते ती ठरवणार होती.

साहेबांनी बंडगर मामांना बजावलं होतं, की मेंढी खरोखर आजारी आणा, आणि मालकाला सांगा, जे आहे तेच बोल. मामांनी एक भाऊबंद आणला. त्याला रस्ताभर पढवलं. माणूस व्हय व्हय म्हणत सगळं ऐकत आला. खरं तर तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. मेंढी मात्र जराशी लंगडत होती, बाकी ठणठणीत. मामा म्हणाले, "आजारी मेंढरू कोन एवढ्या लांब आननार, साहेब? मिळंल ती आनली." तिला व्हरांड्यात बांधलं.

कमिटीतले प्रमुख पांढऱ्या केसांचे, शांत गृहस्थ होते. गळ्यातला झेंडूचा हार काढून त्यांनी व्हरांड्यातल्या खुर्चीवर ठेवला आणि पडद्यासमोर बसले. कांबळे साहेबांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. सूटबूट घातलेली एवढी माणसं बघून मेंढीवाल्याची वाचाच गेली. फक्त व्हय तेवढं शिल्लक राहिलं.

ताप, व्हय. लाळ, व्हय. हगवण, व्हय. झटके, व्हय. डोळे पांढरे, व्हय. तरी साहेब थांबले नाहीत. समोरचा माणूस जे सांगतो तेच बटण दाबायचं, हा त्यांचा नियम.

सगळ्याला हो आलं तर काय करायचं, याची सोय मी प्रोग्राममध्ये केली होती. गंमत म्हणून नाही, डॉक्टरांनीच सांगितलं होतं की एवढं सगळं एका वेळी असलेली मेंढी जगत नाही. पडद्यावर अक्षरं उमटली : 'जनावर मृत. शवविच्छेदन करून नमुने पाठवावेत.'

प्रमुखांनी मागं वळून दारातून बाहेर बघितलं. मग अगदी मृदू आवाजात म्हणाले, "कांबळे जी, आपका मुर्दा मेरा हार खा रहा है."

*

कमिटी गेल्यावर साहेब आठवडाभर प्रोग्रामचा एकेक प्रश्न पुन्हा वाचत बसले. मग ते पुण्याला मीटिंगला गेले, आणि ते नसताना आम्हाला उत्तर सापडलं. शोधलं नव्हतं, नुसतं सापडलं.

खोलीत मधोमध प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडं मशीन आणि माझा पडदा, अलीकडं लोकांसाठी ठेवलेला दुसरा पडदा. त्या दिवशी जतकडचा सिदाप्पा नावाचा मेंढीवाला आला, आधी एकदा साहेबांपुढं व्हय व्हय करून गेलेला. वय झालेलं, तिरसट माणूस. साहेब नाहीत म्हटलं तरी खुर्चीत बसून राहिला. मी आत होते. त्याला वाचता येत नाही हे माहीत होतं, म्हणून पडद्यावरचा प्रश्न आतूनच मोठ्यानं वाचला.

"ताप आहे का?"

"न्हाई," सिदाप्पा म्हणाला.

मी दचकले. दोन वर्षांत आधी 'व्हय' लावल्याशिवाय तो शब्द त्या खोलीत कुणी उच्चारला नव्हता.

"लाळ गळते का?"

"न्हाई."

"औषध काही दिलंय का?"

"दिलंय की. मेडिकलवाल्यानं मानसाची गोळी दिलीया, तीच अर्धी घातली. कुनाला सांगू नगा."

शेवटी मी पार्टिशनच्या बाहेर येऊन विचारलं, "आण्णा, साहेबांना तर सगळ्याला व्हय म्हणता?"

मला बघून तो एकदम सावध झाला. "व्हय," म्हणाला. मग आपणहून म्हणाला, "साहेब मानूस हाय. मशीनला काय, ती कुटं फॉरेस्टात जाऊन सांगनार हाय?"

साहेब पुण्याहून आल्यावर मी हे सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग स्वतःची खुर्ची उचलली आणि पार्टिशनच्या पलीकडं नेऊन ठेवली. त्या दिवसापासून साहेब लोकांना दिसेनासे झाले, आणि केंद्र चालायला लागलं.

लोक पडद्यासमोर बसायचे, मी आतून वाचायची, ते खरं सांगायचे. किती खरं सांगायचे! कुणाच्या कुरणात चारली, कुठल्या भगताचा अंगारा लावला, कुणाशी भांडण झालं म्हणून पाणवठा तुटला. माणदेशात बातमी पसरली, की सांगलीचं मशीन बाईमाणूस आहे आणि कुणाला काही सांगत नाही. मेंढ्या बऱ्या व्हायला लागल्या. बंडगर मामांचा भाव वाढला. बोलून बोलून माझा घसा बसायचा, तेव्हा साहेब घरून ज्येष्ठमध आणायचे. त्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

*

आणि मग ऑर्डर आली. मशीन दुसऱ्या राज्यात हलवायचं.

साहेबांनी दिल्लीला फोन लावला. मी समोर बसले होते.

"सर, आता लोक येतायत. थोडा वेळ द्या."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं.

"मागच्या महिन्यांचे आकडे शून्य आहेत, बरोबर आहे."

पुन्हा काहीतरी.

"शून्य लिहिलं कारण शून्यच होतं, सर."

फोन ठेवून त्यांनी ऑर्डर फाइलला लावली. इतर केंद्रं पहिल्या महिन्यापासून भरघोस आकडे पाठवत होती हे आम्हाला नंतर कळलं. आमचं मशीन जिथं गेलं तिथं तर ते पोचायच्या आधीपासूनच लोक त्याचा लाभ घेत होते म्हणे.

ट्रक आला. ट्रकचा फाळका पाडून हमाल केंद्रात शिरले. मला रडू आवरेना, आणि त्याची लाजही वाटली नाही. साहेब दाराशी उभं राहून हमालांना सांगत होते, "हळू, तो कोपरा आपटू देऊ नका. तिकडच्या लोकांना नीट मिळालं पाहिजे." मला त्यांचा रागच आला त्या क्षणी.

मागं राहिलं पार्टिशन, टेबल-खुर्च्या आणि लोकांच्या बाजूचा पडदा. तो विजेच्या झटक्यानं जळला होता म्हणून नेला नाही.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी पंगतीत सांगितला नाही, कारण जिलबी आली.

मशीन गेल्यानंतरची गोष्ट. आम्ही तिघं बदलीची वाट बघत रिकाम्या केंद्रात बसायचो. एका दुपारी दारात टेम्पो थांबला आणि सिदाप्पा उतरला. कडेवर मूल घ्यावं तशी मेंढी घेतलेली. तिचं पोट फुगलं होतं, मान टाकली होती, दात खात होती. डॉक्टर कुठल्याशा शिबिराला गेले होते, दवाखान्याला कुलूप.

"मशीन चालू करा," सिदाप्पा म्हणाला.

साहेब उठून समोर गेले. त्याला सांगू लागले, की आण्णा, मशीन आता बंद झालं, पण मी बघतो, मला सगळं पाठ आहे. त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि विचारायला लागले.

"कधीपासून फुगलीय? सकाळपासून?"

"व्हय."

"की कालपासून?"

"व्हय, साहेब."

"आण्णा, नेहमीपेक्षा वेगळं काही खाल्लं का तिनं? खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही."

"न्हाई न्हाई. चाराच खाल्ला. व्हय." त्याचे डोळे साहेबांच्या बुटांवर. मेंढी कण्हली, तेव्हा त्यानं तिचं डोकं छातीशी धरलं, पण तोंडातून दुसरा शब्द निघेना. साहेबांनी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. तिन्हीला तेच उत्तर.

साहेब उभे राहिले. माझ्याकडं बघितलं, मग पार्टिशनकडं बघितलं. मोठ्यानं म्हणाले, "मामा, यांना आत बसवा. मी जरा बाहेर जाऊन येतो."

आणि मागच्या दारानं फिरून पार्टिशनमागं आले. मीही गेले. रिकाम्या जागेत, जिथं मशीन होतं तिथं, आम्ही दोघं उभे राहिलो.

पलीकडून सिदाप्पाचा आवाज आला, "ह्येचा दिवा का लागंना?"

"लाइट गेल्यात," बंडगर मामा म्हणाले.

"मग चालंल कसं?"

"सरकारी हाय. चालतंय."

साहेब माझ्या कानाशी पुटपुटायचे आणि मी आवाज चढवून विचारायची.

"मेंढी कधीपासून फुगली?"

"सकाळच्या पारी बगितलं तवा फुगल्याली."

"नेहमीपेक्षा वेगळं काही खाल्लं का?"

पलीकडं खुर्ची पडद्याजवळ सरकल्याचा आवाज आला आणि सिदाप्पा अगदी हळू बोलला.

"बाई, तुला म्हनून सांगतो. दुसऱ्याच्या खळ्यावर पडली हुती. ज्वारीच्या राशीवर. म्या बगितलं, पर येळवर हाकलली न्हाई. माजीच चूक हाय ती. लेकरावानी हाय बग ही, वाचीव."

साहेबांनी डोळे मिटले. मग भराभर सांगू लागले आणि मी बोलत गेले. दाणा बंद. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा पाजा. घाई करू नका, ठसका लागू देऊ नका. बसू देऊ नका, चालवत राहा. संध्याकाळी डॉक्टर आले की लगेच दाखवा, आणि त्यांनाही हेच सांगा.

"त्येनला नको," सिदाप्पा म्हणाला.

साहेब पुटपुटले. मी म्हटलं, "बरं. डॉक्टरांना मी सांगेन."

मामा सोडा आणायला कोपऱ्यावरच्या हॉटेलात धावले. सिदाप्पानं आवारातच पाजायला घेतला. ऊन उतरलं तसं मेंढीनं मान उचलली, उभी राहिली, मालकाच्या धोतराला तोंड पुसलं. तोवर साहेब मागच्या दारानं बाहेर पडून, आत्ताच कुठून तरी आल्यासारखे फाटकातून आत आले.

सिदाप्पानं त्यांना बघितलं. मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "साहेब, राग मानू नगा. तुमी लय शिकल्यालं असाल. पर त्या मशीनला जे कळतंय, ते तुमास्नी न्हाई कळायचं."

साहेब म्हणाले, "खरं आहे. सोडा तेवढा संध्याकाळी पुन्हा द्या."